धागा: लहान मुलांच्या ब्रेनस्टेममधल्या बिनाईन सिस्ट – ओळखायच्या कशा, उघडायच्या कधी, सोडायच्या किती

खाडीपलीकडे | सोमवार, रात्री ९:४०

शंटच्या (डोक्यातलं साठलेलं पाणी दुसरीकडे वळवणारी नळी) धाग्यात हा विषय तीन-चारदा डोकावला आणि प्रतिसादांखाली गाडला गेला, म्हणून वेगळा धागा. रिपोर्टवर 'सिस्टिक लिजन, ब्रेनस्टेम' अशी एक ओळ येते, पुढे 'बिनाईन' लिहिलेलं दिसलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मला त्या भांड्याबद्दलच बोलायचं आहे. बिनाईन म्हणजे पेशी साध्या, पसरणाऱ्या नाहीत. जागा साधी आहे, असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. मोठ्या माणसाचा ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ, जेमतेम त्याच्या अंगठ्याएवढा. दोन वर्षांच्या मुलाचा त्याहून लहान. वरून खाली मिडब्रेन, पॉन्स, मेडुला. हातापायांकडे जाणाऱ्या तारा, गिळणं, श्वास, जाग, डोळ्यांची हालचाल, सगळा कारभार तेवढ्यात. तिथे दीड सेंटिमीटरचा पाण्याचा फुगा म्हणजे वन-रूम-किचनमध्ये उतरलेलं लग्नाचं वऱ्हाड.

जाणकारांनी आपापल्या टेबलावरचं लिहावं. कुणाचा रिपोर्ट, कुणाचा नंबर, कुठल्या डॉक्टरांचं नाव टाकू नये. 'आमच्या शेजारच्यांच्या मुलाला' हेही नको.

बालमज्जा | सोमवार, रात्री १०:०५

लक्षणांपासून सुरुवात करते. फुगा कुठे दाबतोय यावर सगळं.

मिडब्रेनला दाब असेल तर पापणी उतरते, वर बघता येत नाही, आणि ॲक्विडक्ट, म्हणजे मेंदूतल्या पाण्याची अरुंद वाट, चेपून डोक्यात पाणी साठतं. पॉन्स असेल तर एक डोळा बाहेरच्या बाजूला जात नाही, हसताना-रडताना तोंड एका बाजूला ओढलं जातं. मेडुला असेल तर पाणी पिताना ठसका, रडण्याचा आवाज घोगरा किंवा नाकातून, झोपेत श्वास अडखळणं आणि वारंवार न्यूमोनिया. ही शेवटची मुलं महिनोन् महिने छातीच्या औषधांवर असतात. न्यूमोनिया परत परत उजव्याच फुप्फुसात होतोय आणि घरचे म्हणतात 'घाईघाईने पितो म्हणून ठसका लागतो', तेव्हा टाळ्याची हालचाल टॉर्चने बघा. 'आ' करताना पडजीभ एका बाजूला सरकत असेल तर छातीचा एक्स-रे पुरेसा नाही.

एका बाजूचा चेहरा आणि विरुद्ध बाजूचे हातपाय, ही जोडी दिसली तर ब्रेनस्टेम समजून चाला. नुसता डोळा आत वळलेला असेल तर मात्र थांबा. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस डोक्यातला दाब वाढला तरीही लुळी पडते, फुगा कुठेही असो. म्हणून तिरळेपणावरून जागा ठरवू नये.

वर्षाच्या आतल्या बाळात टेप हेच मोठं यंत्र. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३५ सेंमी. पहिले तीन महिने महिन्याला २ सेंमी, पुढचे तीन महिने १ सेंमी, मग वर्षापर्यंत महिन्याला अर्धा सेंमी. न ताणणारी टेप घ्या, शिंप्याची जुनी ताणलेली नको. भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत उंच भागावरून तीनदा मोजा, सर्वांत मोठा आकडा लसीकरणाच्या कार्डावरच तारखेसह लिहा. एका आकड्याला अर्थ नसतो. वाढीच्या तक्त्यावर रेघ वरची पायरी ओलांडतेय का ते बघायचं.

अजून दोन गोष्टी. मान एका बाजूला धरणाऱ्या मुलाला आधी मालिशवाल्याकडे नेऊ नका. मान वाकडी आणि सकाळच्या उलट्या एकत्र असतील तर मानेला झटका द्यायचा नाही आणि पाठीतलं पाणीही एमआरआयआधी काढायचं नाही. आणि लक्षणं कमी-जास्त होत असतील, आठवडाभर बरं, मग परत बिघाड, तर न्यूरेंटेरिक सिस्ट (गर्भातल्या अन्ननलिकेच्या थरातून मागे राहिलेली) मनात आणा. ती झिरपते, बसते, परत भरते. झिरपलेलं मेंदूच्या आवरणांवर पडलं की ताप आणि मान ताठ, पण कल्चरमध्ये जंतू नाही.

तीनपेट्रोलपंप | सोमवार, रात्री १०:२०

ताई, प्रश्न: सीटी पटकन होतो, भूल नको, स्वस्तही. मग आधी सीटी का नाही?

काळीफिल्म | सोमवार, रात्री १०:५१

रात्री मूल झोपाळलं, उलट्या थांबेनात, टाळू फुगलेली, अशा वेळी सीटीच. काही सेकंदांत पाणी साठलंय का ते कळतं. पण सिस्टसाठी सीटी आंधळा. ब्रेनस्टेमच्या दोन्ही बाजूंना कानाची टणक हाडं असतात, त्यांच्यामधून किरण जाताना पॉन्सवर आडवे काळे पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांत एक सेंटिमीटरचा पाण्याचा फुगा सहज लपतो. शिवाय किरणोत्सर्ग. 'सीटी नॉर्मल' एवढ्यावर घरी पाठवलेलं मूल, ही या विषयातली सर्वांत जुनी चूक.

एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' लिहू नका. टी१, टी२, फ्लेअर हे चित्रांचे नेहमीचे प्रकार (सिक्वेन्स) तर येतातच. त्यावर डिफ्यूजन (पाण्याचे कण किती मोकळे हलतात ते दाखवणारं) एडीसी मॅपसह, रक्ताच्या खुणांसाठी एसडब्ल्यूआय, ब्रेनस्टेममधून जाणारे मिलिमीटरहून बारीक काप (सीमेन्सच्या मशीनवर सिस, जीईवर फिएस्टा), आणि कॉन्ट्रास्टच्या आधीचे व नंतरचे टी१. कॉन्ट्रास्टचं औषध गॅडोलिनियम ०.१ मिलिमोल प्रति किलो, मॅक्रोसायक्लिक प्रकारचं. चांगलं चालवलेलं १.५ टेस्ला ताकदीचं मशीन पुरतं. ३ टेस्लाचा हट्ट धरून दोन आठवडे थांबण्यात अर्थ नाही.

आता ओळख. पाण्यासारखं दिसणारं सगळं एकच नसतं.

अरॅक्नॉइड सिस्ट (मेंदूच्या आवरणातली) प्रत्येक सिक्वेन्सवर पाठीच्या पाण्यासारखी वागते. फ्लेअरवर काळी, डिफ्यूजनवर काळी. एपिडर्मॉइड (त्वचेसारख्या थरांची सिस्ट) टी१-टी२वर अगदी तशीच, पण फ्लेअरवर मळकी आणि डिफ्यूजनवर चकचकीत पांढरी. ती नसा-रक्तवाहिन्यांना ढकलत नाही, त्यांच्याभोवती शिरते. डरमॉइडमध्ये चरबी, म्हणून टी१वर पांढरी आणि चरबी दाबणाऱ्या सिक्वेन्सवर गायब. न्यूरेंटेरिक बहुधा पॉन्स आणि मेडुलाच्या सांध्यासमोर, पुढच्या बाजूला, मध्यरेषेजवळ. टी१वर पाण्याइतकी किंवा पाण्यापेक्षा उजळ, आत प्रथिनं किती त्यावर. कॉन्ट्रास्ट घेत नाही, घेतलाच तर काठाला किंचित.

एकच छोटासा पांढरा गोळा सिस्टच्या भिंतीला चिकटून कॉन्ट्रास्ट घेतोय? मग ती या धाग्यातली सिस्ट नाही, पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा हा ट्यूमर असू शकतो. त्याचं गणित वेगळं. आत ठिपका असेल तर डुकराच्या फीतकृमीचं अंडं पोटात जाऊन होणारी सिस्टिसर्कोसिस. आपल्याकडे हे नाव यादीत वरच ठेवायला हवं. कडा जाड, मध्यभाग डिफ्यूजनवर पांढरा आणि ताप, तर गळू. टीबीचा ट्युबरक्युलोमाही इथे बसतो.

आणि ज्याला हातच लावायचा नाही असा एक प्रकार: मिडब्रेन आणि थॅलॅमसमधल्या फुगलेल्या पेरिव्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांभोवतालच्या, जागा. द्राक्षांच्या घडासारख्या पाण्याच्या कप्प्यांचा झुबका, भिंत नाही, कॉन्ट्रास्ट नाही. दिसायला भयंकर, पण पाणी अडलं तर फक्त पाण्याची वाट करायची, घड फोडायचा नाही.

काळीफिल्म | सोमवार, रात्री १०:५८

राहिलं: फ्लेअरवर मळकं दिसलं म्हणून लगेच एपिडर्मॉइड लिहू नका. पॉन्ससमोर पाणी वाहत असतं, त्या प्रवाहानेही फ्लेअर मळकतं. डिफ्यूजन आणि बारीक काप एकत्र बघा. न्यूरेंटेरिकची शंका असेल तर त्याच भुलेत पूर्ण मणकाही करून घ्या. गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात पाठीची दोरी (नोटोकॉर्ड) आणि अन्ननलिकेचा थर नीट सुटे झाले नाहीत की ही सिस्ट मागे राहते, त्यामुळे मणक्यांच्या ठेवणीतही दोष सापडू शकतो.

गॅसवाला_ऐरोली | मंगळवार, सकाळी ६:३५

भुलेबद्दल. एमआरआय अर्धा-पाऊण तास चालतो, मूल हललं की बारीक काप वाया. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या बाळाला दूध पाजून, गुंडाळून, कानात बोळे घालून भुलेशिवायही निभावतं. पुढे सहा-सात वर्षांपर्यंत भूल धरूनच चाला.

उपास ६-४-२. घन अन्न, डब्याचं किंवा वरचं दूध ६ तास. आईचं दूध ४ तास. स्वच्छ पाणी २ तास. काही ठिकाणी आता पाण्याला १ तास सांगतात, तुमच्या सेंटरने सांगितलेलं पाळा. पाणी म्हणजे पाणी किंवा साखरपाणी. पेज, वरणाचं पाणी, ताक हे पाणी नव्हे. सकाळची पहिलीच वेळ मागा. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी पाण्याचा शेवटचा घोट गाडीत बसल्यावर नव्हे, वेळेच्या गणितावर द्यावा. दुपारची वेळ दोन तास पुढे ढकलली गेली तर बाळ कोरडं पडतं.

धातू. करगोट्याची चांदीची पेटी, वाळे, मनगटातल्या मण्यांमधली तार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बंडीला आतून लावलेली सेफ्टी पिन. सेफ्टी पिन लोखंडाची असते, चुंबक ती खेचतो. बंडी उलटी करून बघा, वरवर हात फिरवून भागत नाही.

आता महत्त्वाचं. मेडुलाजवळचा फुगा, ठसका किंवा झोपेत श्वास अडण्याची तक्रार, किंवा डोक्यात दाब असेल तर भूलतज्ज्ञ नसलेल्या सेंटरवर ट्रायक्लोफॉसचं झोपेचं सिरप पाजून एमआरआय करू नये. सिरपने श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आधीच दाटलेल्या कवटीत दाब अजून वर जातो. मशीनच्या बोगद्यात हे कुणाला दिसत नाही. अशा मुलाला श्वासाची वाट सांभाळूनच भूल.

पामबीच | मंगळवार, सकाळी ९:१२

हे 'सिरपने होऊन जाईल, बिल कमी येईल' वाक्य बंद व्हायला हवं. +१.

खाडीपलीकडे | मंगळवार, दुपारी १:३०

सिस्ट ओळखली. ऑपरेशन कधी, आणि कधी फक्त नजर?

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री ११:१५

उशिरा लिहितोय, एकदमच घेतो.

फिल्म नव्हे, मूल बघून ठरतं. योगायोगाने सापडलेली, पाण्यासारखी, लक्षणं नसलेली सिस्ट असेल तर तीन ते सहा महिन्यांनी परत एमआरआय आणि मध्ये टेप, चालणं, गिळणं. लक्षणं आहेत आणि वाढतायत, किंवा सिस्ट मोजमापात वाढली, किंवा पाणी अडलं, तर हात घालायचा.

पाणी अडलं असेल तर पहिला प्रश्न: आधी पाण्याची वाट की आधी सिस्ट? मूल झोपाळलेलं असेल तर त्या रात्री बाहेरून नळी, म्हणजे ईव्हीडी. मूल स्थिर असेल तर अनेकदा सिस्ट उघडल्यावर पाणी आपोआप वाहतं आणि शंट टळतो. एंडोस्कोपने तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) तळाला भोक पाडायचं म्हणजे ईटीव्ही. तिचा अंदाज बांधायला कुलकर्णी आणि सहकाऱ्यांचा २००९ सालचा गुणांक वापरतात: वय, कारण आणि आधी शंट होता की नाही, या तिन्हींचे गुण मिळवायचे. उदाहरण: आठ महिन्यांचं बाळ ३०, ॲक्विडक्ट अडलेलं ३०, आधी शंट नाही १०, बेरीज ७०. म्हणजे सहा महिने टिकण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास. तेच बाळ तीन महिन्यांचं असतं तर वयाचे १०च, बेरीज ५०. लहान बाळात ईटीव्ही का बुडते ते या एका वजाबाकीत दिसतं. पण आकड्यात एक गोष्ट येत नाही. सिस्ट पॉन्सच्या पुढे असेल तर ती ब्रेनस्टेमसमोरच्या बेसिलर धमनीला ढकलून तळाला चिकटवू शकते. तिथे भोक पाडायला जाणं म्हणजे धमनीवर जाणं. बारीक काप न बघता ईटीव्ही नको.

वाट कुठून. पुढच्या-बाजूच्या सिस्टला कानामागून, रेट्रोसिग्मॉइड. मेडुलाच्या पुढे खाली असेल तर 'फार लॅटरल' नावाची बाजूची वाट. चौथ्या व्हेंट्रिकलच्या बाजूने असेल तर मागून, मध्यरेषेत, सेरेबेलमच्या (लहान मेंदूच्या) दोन अर्धांना न चिरता खालच्या फटीतून, टेलोव्हेलर. आत लपलेल्या सिस्टला सर्वांत उथळ जागी गाठायचं. सिस्टचा मध्य आणि पृष्ठभागाला सर्वांत जवळचा बिंदू यांतून रेघ काढा, ती जिथून बाहेर पडते तिथून जायचं, जर तिथे काही महत्त्वाचं नसेल तर. चौथ्या व्हेंट्रिकलच्या तळावर पॉन्सच्या खालच्या भागात, मध्यरेषेलगत फेशियल कॉलिक्युलस नावाचा छोटा उंचवटा असतो. सातवी नस तिथे सहाव्या नसेच्या केंद्राला वळसा घालते. एक चीर चुकली की अर्धा चेहरा आणि त्या बाजूला बघणं, दोन्ही एकदम जातं. क्योशिमांनी १९९३ साली या उंचवट्याच्या वर आणि खाली दोन त्रिकोणी सुरक्षित जागा दाखवल्या. अडचण अशी की आत सिस्ट असेल तर तळ फुगतो आणि तो उंचवटा सपाट होऊन सरकतो. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता पिवळसर पांढरा, ताणलेला, चमकणारा पडदा दिसतो, त्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. पुस्तकातलं चित्र तिथे नसतं. म्हणून अर्ध्या ते दोन मिलिअँपिअरच्या टोकाने टोचून, चेहऱ्याचा स्नायू कुठे उडतो ते बघून नकाशा काढायचा, मगच चीर.

गॅसवाला_ऐरोली | बुधवार, सकाळी ६:२०

त्या नकाशासाठी टेबलाच्या डोक्याकडून काय लागतं ते: ट्यूब घालताना दिलेलं स्नायू सैल करणारं औषध उतरलं की परत द्यायचं नाही. गॅसही नाही. प्रोपोफॉल आणि रेमिफेंटानिल किंवा फेंटानिल शिरेतून. सेव्होफ्ल्युरेनसारखा गॅस वाढवला की मोटर सिग्नल (स्नायूंच्या हालचालीचे) बसतात आणि सर्जनला वाटतं काही दुखावलं. वर्षाच्या आतल्या बाळात मायलिन, म्हणजे नसांवरचं आवरण, अपुरं, मोटर सिग्नल मुळातच क्षीण. सुरुवातीला जो मिळाला तोच त्या मुलाचा पाया धरायचा, मोठ्यांचे आकडे लावू नका. दहाव्या नसेसाठी ट्यूबवर चिकटणारे इलेक्ट्रोड लावतात. लहान ट्यूबवर ते फिरतात, पोट-पाठ फिरवल्यावर परत तपासा.

दोन वर्षांच्या आत डोक्याला पिना लावणं बहुतेक टाळतात, हाड पातळ, पिन आत घुसते. घोड्याच्या नालासारखं मऊ टेकण. त्यात डोळा दाबला गेला तर आंधळेपण येऊ शकतं. बुबुळ मोकळं आहे हे टेबल हलवल्यावर दरवेळी हात घालून बघायचं.

रक्त: किलोमागे ७५ ते ८० मिली. दहा किलोच्या मुलात सगळं मिळून साडेसातशे ते आठशे मिली. शंभर मिली गेलं की आठवा हिस्सा गेला. बाटलीत दिसतं त्यापेक्षा कापसाच्या पट्ट्यांत जास्त जिरतं, पट्ट्या वजन करून मोजा.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, रात्री १०:४०

बरोबर. आता सिस्ट उघडणं. भोवती सगळीकडे ओल्या पट्ट्या रचायच्या, कारण आतलं बाहेर सांडू द्यायचं नाही. न्यूरेंटेरिकमधून पातळ भाताच्या पेजेसारखं, कधी अगदी स्वच्छ निघतं. एपिडर्मॉइडमधून मोत्यासारखे पांढरे चकाकते पापुद्रे, मेणासारखे. बारीक सुईने सिस्टमधलं हळूहळू खेचायचं. एकदम रिकामी केली की भिंत आत कोसळते आणि कुठे भिंत, कुठे नस, ते सापडेनासं होतं. मग भिंत सोडवायची. जी आपणहून सुटते ती. सलाईनने धुताना शरीराइतकं कोमट आणि दाब न देता. थंड पाण्याचा जोराचा फवारा मेडुलावर बसला तर हृदयाचे ठोके घसरतात. ठोके पडले की हात उचलायचा, थांबायचं, औषध मागायच्या आधी. बहुतेक वेळा तेवढ्यानेच परत येतात. दुसऱ्यांदा त्याच जागी पडले तर ती जागा सोडायची.

वागळे_इस्टेट | बुधवार, रात्री ११:०२

इथे मतभेद. भिंत मागे ठेवली तर सिस्ट परत भरणार. अस्तर तिथेच आहे, ते पाणी-श्लेष्मा तयार करतच राहणार. आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा वाईट, चिकटलेल्या व्रणातून जावं लागतं. पहिल्याच वेळी पूर्ण काढायचं ध्येय का नको?

सूक्ष्मदर्शी | बुधवार, रात्री ११:३०

ध्येय हवं. हट्ट नको. तुमचं म्हणणं न्यूरेंटेरिक आणि एपिडर्मॉइडला लागू, अरॅक्नॉइडला नाही. अरॅक्नॉइडला पुरेसं मोठं भोक पाडून ते शेजारच्या पाण्याशी जोडलं की काम झालं, भिंत काढायची गरजच नाही. भोक छोटं ठेवलं तर बंद होतं, एवढीच काळजी.

न्यूरेंटेरिकची भिंत ब्रेनस्टेमच्या पृष्ठभागाला चिकटलेली असते तिथे पायामेटर (सर्वांत आतलं पातळ आवरण) सोलून येतो, आणि त्याच्याखाली मेडुलाला रक्त देणाऱ्या केसांसारख्या धमन्या. दोन मिलिमीटर भिंतीसाठी त्या तुटल्या तर मूल गिळत नाही, श्वास नळीवर. मागे ठेवलेला कांद्याच्या पापुद्र्याएवढा तुकडा भरायला वर्षं घेतो, कधी भरतच नाही. गेलेली गिळण्याची नस वर्षांनी परत येईलच असं नाही. मी तुकडा ठेवीन. तो बायपोलरने (विजेच्या चिमट्याने) जाळूनही टाकणार नाही, उष्णता खाली जाते.

सिस्टमध्ये अल्कोहोल किंवा ब्लिओमायसिन भरून वाळवण्याचा सल्लाही वाचायला मिळतो. दुसऱ्या जागच्या सिस्टमध्ये त्याचा विचार होतो, ब्रेनस्टेमलगत नको. एक थेंब गळला तरी तो जातो कुठे?

वागळे_इस्टेट | बुधवार, रात्री ११:४४

मान्य, पण मग ऑपरेशन नोटमध्ये 'पूर्ण काढली' असं लिहू नका. किती मिलिमीटर, कुठल्या नसेजवळ ठेवली ते लिहा. पाच वर्षांनी दुसऱ्याच हाताला ते वाचायचं असतं.

स्लाइडवाली | गुरुवार, सकाळी ११:१०

यात माझी तक्रार जोडते. सगळं एकाच डबीत फॉर्मलिनमध्ये येतं. फॉर्मलिनमध्ये पडलं की कल्चर मेलं, टीबीचंही. तीन वाटे करा: भिंत १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रव. आतलं द्रव सायटोलॉजीला (पेशी तपासायला) वेगळं. थोडं निर्जंतुक कोऱ्या डबीत, जीनएक्स्पर्ट (टीबीची चाचणी) आणि कल्चरसाठी. भिंत गुंडाळून गोळा करून टाकू नका, फिल्टर पेपरवर पसरून द्या, नाहीतर अस्तर तिरकं कापलं जातं.

न्यूरेंटेरिकमध्ये स्तंभासारख्या पेशींची रांग, काहींवर केस, मधूनमधून श्लेष्माने टम्म गॉब्लेट पेशी, पीएएस रंगात गडद गुलाबी. एपिडर्मॉइडमध्ये त्वचेसारखे थर आणि केराटिन. ग्लायोएपेंडायमल सिस्टमध्ये जीएफएपी हे मेंदूच्या आधारपेशींचं प्रथिन उमटतं. आलेला तुकडा फक्त तंतूंचा, अस्तर नसलेला असेल तर आम्हाला 'बिनाईन सिस्ट वॉल' एवढंच लिहिता येतं. त्याचा अर्थ 'काय आहे कळलं' असा घेऊ नये. एमआरआयचा रिपोर्ट सोबत पाठवा, आम्ही पोकळीत बसून ओळखत नाही.

घोट_घोट | गुरुवार, दुपारी ३:४०

ऑपरेशननंतर पहिली चूक: घशाला चमचा लावल्यावर उबळ आली म्हणून 'गिळणं ठीक'. उबळ आणि सुरक्षित गिळणं या दोन वेगळ्या वाटा. मेडुलाच्या मुलात तोंडाने काहीही द्यायच्या आधी नाकातून कॅमेऱ्याने किंवा व्हिडिओफ्लुरोस्कोपीने (गिळतानाच्या चालत्या एक्स-रेने) बघा. ठसका न लागताही पाणी श्वासनळीत जातं, शांतपणे. तोवर नाकातली नळी. आठवडे लागणार असं दिसलं तर नळी रोज ओढाओढ करण्यापेक्षा पोटातून गॅस्ट्रोस्टॉमी सोपी. मूल शुद्धीवर, खोकला चांगला, लाळ गिळतंय, मगच श्वासाची ट्यूब काढायची. दोनदा काढून दोनदा घालावी लागली तर ट्रेकिऑस्टॉमीचं (गळ्यातून श्वासाची वाट) बोलणं टाळू नका. ती बहुतेकांची नंतर बंद करता येते. फक्त घरी नेण्याआधी सक्शन कसं करायचं ते घरातल्या दोघांना शिकवा, एकट्या आईला नव्हे.

पापणी मिटत नसेल आणि डोळ्याची संवेदनाही गेली असेल तर बुबुळ दिवसात सुकतं आणि मुलाला दुखत नाही. दर दोन तासांनी थेंब, रात्री मलम आणि पापणी पट्टीने बंद.

मागून केलेल्या ऑपरेशननंतर पहिल्याच आठवड्यात, कधी एक-दोन दिवस नीट बोलून मग, मूल अचानक बोलणंच थांबवतं, चिडचिडं होतं. रुसलेलं नाही, पोस्टेरिअर फोसा सिंड्रोम आहे. आजीने 'दृष्ट लागली' म्हणावं इतकं अचानक असतं. आधीच सांगून ठेवलं तर घर हादरत नाही.

बालमज्जा | गुरुवार, दुपारी ४:०५

आणि ताप. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप, मान ताठ, मूल चिडचिडं, हे सांडलेल्या पदार्थाने होणारं केमिकल मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणांची सूज) असू शकतं, स्टेरॉइडने बसतं. पण नाव द्यायच्या आधी पाणी काढून कल्चर. जंतूचा मेनिंजायटिस चुकवणं परवडत नाही. स्टेरॉइड एकदम तोडू नका, उतरवत न्या. टाक्यांखाली मऊ फुगवटा असेल तर पाणी आत साठलंय, थांबता येतं. टाक्यांतून स्वच्छ पाणी टपकलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी.

तीनपेट्रोलपंप | गुरुवार, रात्री ९:००

ठाणे-नवी मुंबईतून कुठे न्यायचं, हा प्रश्न येणारच.

खाडीपलीकडे | गुरुवार, रात्री ९:३५

नावांची जाहिरात नको, निकष देतो. फोनवर विचारा: लहान मुलांचं आयसीयू स्वतःचं आहे का, ऑपरेशनमध्ये नसांचं मॉनिटरिंग करणारा माणूस येतो की फक्त मशीन आहे, रात्री दोन वाजता सीटी होतो का, कान-नाक-घसा सर्जन बोलावल्यावर किती वेळात येतो. या चारपैकी दोनांना 'बघू' असं उत्तर आलं तर पुढचा दरवाजा.

सरकारी आणि धर्मादाय वाटेने जाणाऱ्यांसाठी परळ सोयीचं. केईएम आणि लहान मुलांचं वाडिया जवळजवळ आहेत. वाशीकडून हार्बरने कुर्ल्याला उतरून स्लो लोकलने परळ, ठाण्याहून सरळ स्लो. शीवला लोकमान्य टिळक. खारघरचं टाटांचं केंद्र कर्करोगासाठी, बिनाईन सिस्ट घेऊन आधी तिथे धावायचं कारण नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरवून केलेल्या ऑपरेशनला आधी मंजुरी लागते. दाखल व्हायच्या दिवशी आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयातला माणूस) शोधत फिरण्यापेक्षा ओपीडीच्याच दिवशी भेटा. बाळाचं नाव रेशनकार्डात चढलेलं नसतं, इथे हमखास अडतं. जन्मदाखला सोबत ठेवा.

आणि फिल्म नेऊ नका, डायकॉमची (मूळ डिजिटल चित्रांची) सीडी किंवा पेनड्राइव्ह न्या. एका मोठ्या फिल्मवर वीस चौकटी बसतात, बारीक काप शेकड्यांनी असतात. सीडी घरी उघडून बघा, निम्म्या वेळा त्यावर फक्त रिपोर्टच असतो.

काळीफिल्म | गुरुवार, रात्री १०:२०

शेवटचं राहिलेलं, नंतरच्या तपासण्या. पहिला एमआरआय ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत, मग साधारण तीन महिने, वर्ष, आणि पुढे दरवर्षी. भिंत ठेवली असेल तर पाच वर्षांनी थांबवू नका, फक्त अंतर वाढवा. पहिल्यापासून कॉन्ट्रास्ट न घेणाऱ्या सिस्टला दरवर्षी गॅडोलिनियम नको. डिफ्यूजन आणि सिस एवढ्यात भागतं, दहा मिनिटांत होतं, मोठ्या मुलाला भूलही लागत नाही.

रिपोर्टमध्ये तिन्ही दिशांची मापं मागा, 'फरक नाही' हे माप नव्हे. आणि तुलना मागच्या वर्षीच्या एमआरआयशी करू नका. वर्षाला एक मिलिमीटर वाढ, दरवेळी 'फरक नाही', सहा वर्षांनी सहा मिलिमीटर. तुलना ऑपरेशननंतरच्या पहिल्या एमआरआयशीच. ती सीडी हरवू नका, दोन प्रती काढा.

वागळे_इस्टेट | गुरुवार, रात्री १०:३१

आणि एक प्रत मोबाइलमध्ये नाही, तो दर दोन वर्षांनी बदलतो.